डब्याच्या बुडावरचा आकडा

नेव्हिल ट्रेगिअरच्या घराला मधोमध एक शिवण आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवरून ती छतावर चढते, पलीकडून खाली उतरते आणि पायाखालच्या फळ्यांतून परत पहिल्या जागी येते. घर मेलबर्नच्या पूर्वेला, यालोर्नला होतं तेव्हा ती नव्हती. यालोर्न गाव कोळशावर बसलं होतं आणि वीजमंडळाला कोळसा हवा होता, म्हणून गावाला उठवलं. नेव्हच्या बापाने घर विकत घेतलं, करवतीने दोन तुकडे केले, दोन ट्रकांवर लादले आणि जवळच्या मोई गावात आणून पुन्हा जोडले. नेव्ह तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आज सदुसष्टाव्यात आहे. शिवणीवर चार वेळा रंग दिला, दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

गाव होतं तिथे आता खड्डा आहे. चांगला मैलभर रुंद. बाहेरचे लोक येतात आणि तोंड पाडून विचारतात, अहो, वाईट नाही वाटत? नेव्ह म्हणतो, "आईच्या गुलाबाच्या वाफ्याखालचा कोळसा फार चांगला निघाला. राख जेमतेम एक टक्का. मीच तपासला." विचारणाऱ्याला हसावं की काय करावं ते कळत नाही. नेव्ह मात्र खरंच सांगत असतो. त्याने तो खरोखरच तपासला होता.

सोळाव्या वर्षी तो वीजमंडळाच्या कोळसा-तपासणीत चिकटला. आमच्या खोऱ्यातला कोळसा म्हणजे काय चीज आहे, ते आधी ऐका. काळा नाही, तपकिरी. ढेकूळ हातात घेतलं तर बोटं ओली होतात आणि नखाने उकरलं तर जुन्या झाडाची साल दिसते. एक किलो उचला, त्यातला सहाशे ग्रॅमच्या वर भाग निव्वळ पाणी. तसाच सुकू दिलात तर ढिगात आपोआप तापतो आणि एखाद्या दुपारी पेट घेतो. म्हणून इथली सगळी मोजदाद ओल्यावर चालायची. खाणीच्या भिंतीतून निघाला तसा कोळसा वजन करायचा, पत्र्याच्या डबीत भरायचा आणि झाकणावर ते ओलं वजन लिहायचं. पाणी किती, तो आकडा मात्र डबीच्या बुडावर खिळ्याने ओरखडायचा. कारण बेचाळीस माणसं एका टेबलाभोवती काम करत, झाकणांची सारखी अदलाबदल होई. बुडाची कशी होणार? डबी हातात घेतली की आधी उलटी करायची, ही सवय पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडे. नाही पडली तर मुकादम तीच डबी डोक्यात हाणत असे.

पंचवीस वर्षं नेव्हने डब्या उलट्या केल्या. मग मंडळ मोडलं, तुकडे करून विकलं आणि बेचाळीसांपैकी एकोणचाळीस घरी गेले. नेव्हने एका शाळेत नळ दुरुस्त केले, गवत कापलं. पुढे मॉरवेलबाहेरच्या टेकडीवर विद्यापीठाने कोळशाची एक लहानशी प्रयोगशाळा उघडली. तिथे नमुने आणणारा, सुकवणारा, कुटणारा माणूस हवा होता. मुलाखतीला नेव्ह बायकोने इस्त्री केलेला सदरा घालून गेला. समोरच्यांनी विचारलं, कोळशाबद्दल काय माहीत आहे? तो म्हणाला, "तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा." नोकरी मिळाली.

बायकोचं नाव व्हाल्मे. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याबद्दल फार बोलणंही केलं नाही, आमच्याकडे करत नाहीत. सहा वर्षांपूर्वी व्हाल्मे गेली, ऑगस्टात, चार दिवसांच्या तापाने. त्यानंतर नेव्ह शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणाला तरी "येतो हं" म्हणायचा आणि सोमवारी सकाळी "काय रे" म्हणायचा. मधले दोन दिवस तोंडातून शब्द निघत नसे. दुकानातसुद्धा आता मशीनच पैसे घेतं. सोमवारी गाडीत बसल्यावर तो मुद्दाम खाकरून बघायचा, आवाज आहे ना जागेवर. बहीण क्वीन्सलँडला, तिचा फोन नाताळला येतो. एकटा माणूस, बस. उगाच शोभेचे शब्द कशाला?

वुलान डॉक्टरेट करायला आली ती अडीच वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, आईच्या मापाचा वाटावा असा ढगळ कोट घालून. सुमात्रातल्या कोळशाच्याच गावची पोरगी. बाप खाणीत डंपर चालवायचा. वय सत्तावीस, डोक्याला रुमाल, बोलायला लागली की थांबणं नाही. आमच्याकडे साहेबाला साहेब म्हणत नाहीत, मोठ्याला काका म्हणत नाहीत. प्रोफेसरला "गेविन" आणि झाडूवाल्याला "टेड". तिला ते जमेना. पहिल्याच दिवशी नेव्हला म्हणाली, "मी तुम्हाला पाक नेव्ह म्हणू का?"

"पाक म्हणजे काय?"

"म्हणजे... साहेब म्हणायचं तर पाक. आणि घरी बाबांना पण पाक."

"मग मी कोणता?"

ती हसली. "ते तुम्ही नमुन्यांचे डबे कसे देता त्यावर."

आठवडाभरात पाक नेव्हमधला नेव्ह गळाला.

बारा वाजले की दोघं मागच्या टेबलावर बसत. तिचा डबा म्हणजे भात, तेंपे नावाची तळलेली सोयाबीनची वडी आणि लाल मिरचीचा झणझणीत ठेचा, सांबाल. याचं म्हणजे बीटाच्या चकत्या घातलेलं खारवलेल्या मांसाचं सँडविच, चाळीस वर्षांत न बदललेलं. "पाक, हे आजाऱ्याचं जेवण आहे," ती म्हणायची. "तुमच्या जिभेला कळतं तरी का काही?" त्याने एकदा बोटभर सांबाल चाखला. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मागितला. पोरीला काय ठाऊक, ती अर्धा तास बोलायची त्यावर हा माणूस संध्याकाळ काढायचा. रात्री भांडी घासताना तिची वाक्यं आठवून एकटाच मान हलवायचा.

तिचं काम होतं ते असं. कोळसा जाळायचा नाही, विरघळवायचा. दगडासारखी वस्तू विरघळणार कशात? तर मिठात. साधं मीठ वितळवायला आठशे अंश उष्णता लागते. पण काही मिठं अशी घडवता येतात की ती चहाच्या कपाएवढ्या उबेतही पातळ राहतात, तेलासारखी ओतता येतात. ना वास, ना वाफ. आयनिक द्रव असं त्यांचं नाव. नेव्ह म्हणायचा "पातळ मीठ". ते कोळशाच्या पोटात शिरतं, आतले धागे सैल करतं, आणि कोळसा त्यात उतरतो. निदान उतरावा अशी आशा. तसं झालं तर आमच्या ओल्या, हलक्या, जगाने नावं ठेवलेल्या कोळशातून औषधाची, रंगाची, प्लॅस्टिकची द्रव्यं काढता येतील. खोऱ्यातल्या वीजघरांच्या चिमण्या एकेक करून बंद पडतायत, तेव्हा असं काही ऐकलं की माणसाचे कान उभे राहतातच.

पण या पातळ मिठाचा एक नखरा आहे. पाणी खपत नाही. हवेतलासुद्धा ओलावा ते पिऊन टाकतं आणि मग कोळशाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून सगळं काम काचेच्या बंद पेटीत. आत हवा नाही, नुसता नायट्रोजन. बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालायचे आणि आत काम करायचं. त्या पेटीतला तराजू कधीचा मेला होता. नवा घ्या म्हणून वुलानने तीन अर्ज केले, तिन्ही कुठेतरी मुरले. तेव्हा ती नेव्हला म्हणाली, "पाक, तुम्हीच दोन-दोन ग्रॅमचे डबे करून सुकवून द्याल? मी झाकण उघडून सरळ मिठात ओतीन."

"देतो की," नेव्ह म्हणाला.

आणि दिले. एक वजन चुकू दिलं नाही. कोळशाचे बरोबर दोन ग्रॅम मोजायचे, डबी नायट्रोजनच्या भट्टीत ठेवायची, खडखडीत सुकली की गरम असतानाच झाकण दाबायचं. झाकणावर लिहायचं: दोन. बुडावर खिळ्याने: बासष्ट.

पहिल्या खेपेचा निकाल लागला त्या दिवशी ती धावतच मागे आली. मिठाचा द्रव काळा कुळकुळीत झाला होता. गाळून, धुऊन, सुकवून खाली राहिलेला कोळसा तिने बाहेरच्या तराजूवर तोलला तर अडुसष्ट शतांश ग्रॅम. दोन ग्रॅम घातले होते! "शंभरातले सहासष्ट, पाक! सहासष्ट विरघळले!" तिने त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. व्हाल्मे गेल्यापासून त्याच्या हाताला कुणी हात लावला नव्हता. कोळशाचं त्या क्षणी त्याने काही ऐकलंच नाही, हे खरं.

चोवीस डब्या झाल्या, चोवीस वेळा तेच. गेविन ऑल्सॉप, प्रोफेसर, मंगळवारी मेलबर्नहून यायचा. त्याने आकडे पाहिले आणि खुर्चीतच गिरकी घेतली. गेविन मिठाचा माणूस. मिठातलं त्याला सगळं कळतं, पण कोळसा त्याने पोत्यातूनच पाहिलेला. "नेव्ह, ऐक," तो म्हणाला. "ह्यावर आपल्याला आणखी तीन वर्षांचे पैसे मिळतील. प्रयोगशाळा चालू, वुलान इथेच, तू इथेच. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी अर्ज टाकायचाय. नाही मिळालं तर जूनमध्ये कुलूप, हे तुला माहीतच आहे."

नेव्हला ते चांगलंच माहीत होतं. मार्चमध्ये पोरीची शिष्यवृत्ती संपत होती. त्यानंतरच्या दिवसांचा तो विचारच करत नसे. आता करू लागला. तीन वर्षं म्हणजे साडेसातशे दुपारी, सुट्ट्या वगळून. मागच्या अंगणात मिरचीची रोपं लावायचंसुद्धा त्याने ठरवलं.

अर्जासोबत जायचा लेख वुलानने त्याच्या हातात दिला. वर तीन नावं: तिचं, गेविनचं आणि नेव्हिल ट्रेगिअर. "चुका काढा बरं का," ती म्हणाली, "नुसतं नाव बघत बसू नका."

रविवारी सकाळी चहा घेऊन तो दिवाणखान्यात बसला. नाव बघितलं. दोनदा बघितलं, खोटं कशाला बोला. मग चष्मा लावून आत शिरला. मिठाचं सगळं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या पानावर तक्ता होता. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: कोरडा कोळसा, ग्रॅम. खाली चोवीस वेळा: दोन, दोन, दोन, दोन.

कोरडा?

कोरडे दोन ग्रॅम त्याने कधी दिलेच नव्हते. दोन ग्रॅम ओले. त्यातलं पाणी भट्टीत उडून गेलं, डबीत राहिला पाऊण ग्रॅमच्या वर चिमूटभर. ते बुडावर लिहिलंय की स्पष्ट! पण पोरीने बूड बघितलंच नव्हतं. कशाला बघेल? तिच्या मुलखात झाकणावर जे असतं ते असतं. म्हणजे पाऊण ग्रॅमातून अडुसष्ट शतांश परत आला. विरघळला शंभरातला जेमतेम दहा. बाकीचं सहासष्टांतलं सगळं ह्या खोऱ्याचं पाणी, जे मिठाच्या वाऱ्यालाही गेलं नव्हतं.

त्याने तीन वेळा हिशोब केला, पेन्सिलीने, वर्तमानपत्राच्या कडेला. तीन वेळा दहा. चहावर साय आली.

नाही सांगितलं तर कळणार कुणाला? गेविनला नाही. अर्ज वाचणाऱ्यांना नाही, ते मेलबर्नमध्ये बसतात. डबी उलटी करणारे बेचाळीस होते. त्यातले चौघे उरले. एक ट्रॅराल्गनच्या वृद्धाश्रमात बायकोलाही ओळखत नाही. दोघे उत्तरेला ऊन खायला गेले. चौथा मोईत, शिवणीच्या घरात, वर्तमानपत्र हातात धरून बसलेला.

सोमवारी सांगायचं असं ठरवून तो गेला. वुलान गाणं गुणगुणत होती. बारा वाजता तिने त्याच्या सँडविचमध्ये न विचारता सांबाल घातला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला. मंगळवारी गेविन होता, त्याच्या देखत नको वाटलं. बुधवारी पोरीने फोनवर आईला सांगितलेलं त्याने ऐकलं. शब्द कळले नाहीत, पण मध्ये "पाक नेव्ह" आलं आणि त्यानंतर हसू. आपण भित्रे आहोत असं नेव्हला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या बुधवारी वाटलं. रात्री त्याने बायकोच्या फोटोला विचारलं, "व्हाल्मे, काय करू ग?"

गुरुवारी बारा वाजता त्याने फळीवरून एक रिकामी डबी आणली आणि तिच्या डब्याशेजारी उलटी ठेवली.

"हे काय?"

"वाच."

तिने घास चावत वाकून पाहिलं. "बासष्ट. बासष्ट काय?"

"पाणी."

"कसलं पाणी?"

"झाकणावर दोन लिहिलेत ना, ते ओल्याचे, पोरी. खाणीतून आला तसे. भट्टीतून निघतो तेव्हा आत पाऊणच ग्रॅम असतो."

चमचा भातातच राहिला. ती हिशोबाची पक्की. त्याला रविवारी अर्धी सकाळ लागली होती, तिला दहा सेकंदही लागले नाहीत. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरताना त्याने पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण नजर हलेना.

"पण तो काळा झाला होता," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिला, पाक. शाई झाली होती नुसती!"

"झाला होता. दहा टक्के खरंच उतरलाय. तेवढ्यानेही काळाच होतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना?" ती उभी राहिली. "सगळे म्हणजे कोण? ह्या इमारतीत तुम्ही आहात, मी आहे आणि मंगळवारी गेविन. दाखवा ना मला सगळे! अडीच वर्षं रोज तुमच्यासमोर जेवते मी. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव माहितीय तुम्हाला, आमच्या कोंबड्या किती ते माहितीय. आणि डबीच्या खाली काहीतरी लिहिलंय हे एकदा, एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

ती बरोबर बोलत होती. इतकी वर्षं तो बेचाळीस माणसांच्या टेबलाशीच बसल्यासारखा वागत होता. टेबल केव्हाच मोडलं होतं, माणसं मेली-पांगली होती, आणि तो मात्र कुणीतरी शेजारचा तिला शिकवेल असं धरून चालला होता.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने हळू विचारलं.

तेवढं तरी खोटं बोलता आलं असतं. "रविवारी," तो म्हणाला.

"आज गुरुवार आहे, पाक."

ती गेविनला फोन करायला गेली. तिचा डबा तसाच उघडा राहिला. नेव्हने त्यावर झाकण लावलं, धुतलेल्या भांड्यांशेजारी ठेवलं आणि भट्टीपाशी जाऊन उगीचच काटा बघत उभा राहिला.

गेविन त्याच दुपारी गाडी हाणत आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "दहा टक्क्यांना कोण भीक घालणार रे, नेव्ह?" तरी अर्जात त्याने दहाच लिहिले, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. वुलानने चोवीसच्या चोवीस डब्या पुन्हा केल्या, या खेपेला भट्टीतून निघाल्यावर स्वतः तोलून. नेव्ह बाजूला उभा राहून डबी पुढे करायचा, ती घ्यायची. दहा, अकरा, नऊ, दहा. बारा वाजता ती आता संगणकापुढे जेवायची. वेळ नाही म्हणायची, आणि खरंच नव्हता. सहा महिन्यांत सगळा प्रबंध नव्याने लिहायचा होता. रागावलेली नव्हती, सकाळी हसून "गुड मॉर्निंग, पाक" म्हणायची. नेव्ह मागच्या टेबलावर एकटा सँडविच खायचा. मिरचीची रोपं अंगणात आली होती, त्यांना तो पाणी घालत राहिला. त्यांचा काय दोष?

नोव्हेंबरात कळलं, अर्ज नामंजूर. जूनला कुलूप. वुलानला तिच्या मुलखात एका सिमेंटच्या कारखान्यात नोकरी मिळाली, कोळसा तपासायची.

मार्चच्या एका गुरुवारी, अकरा वाजून दहाच्या गाडीला, त्याने तिला मॉरवेल स्टेशनवर पोचवलं. तिने नको म्हटलं होतं, पण दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन पोरगी बसने कशी जाणार? फलाटावर ऊन होतं. दोघं बाकावर बसली, मध्ये खोकं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "राग नाही ना?"

"विचार."

"तुम्ही बोलला नसतात तर कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही. आणि मी आज इथे बसले नसते."

"हो."

"तुम्हाला नको होते का मी?"

नेव्ह एकदम वळला. असं काही ती सहा महिने मनात धरून असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. "काय वेड्यासारखं बोलतेस!" त्याचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "मला हवी होतीस म्हणून तर बोललो. चार दिवस गप्प राहिलो ना मी, रविवार ते गुरुवार? त्या चार दिवसांत तू समोर बसून बोलत होतीस आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सांबाल घातलास तोही कळला नाही. तीन वर्षं तसं बसायचं? तू असून नसल्यासारखीच झाली असतीस. नसलेल्या माणसाबरोबर बसणं मला घरीही येतं, पोरी. त्यासाठी तुला कशाला अडकवून ठेवू?"

इतकं लांबलचक तो गेल्या सहा वर्षांत बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. वुलानने खोकं उचलून पलीकडे ठेवलं आणि त्याच्या जवळ सरकून बसली. गाडी येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मग तिने वाकून त्याचा हात घेतला, आपल्या कपाळाला लावला, तिच्याकडे वडीलधाऱ्यांचा निरोप घेतात तसा, आणि गाडीत चढली. बॅगा त्याने वर दिल्या. दार लागलं. काचेमागे तिचं तोंड दिसलं, रडत होती. मग ऊन काचेवर आलं आणि ते दिसेनासं झालं.

गाडी गेली तरी तो उभाच होता. तिकीटखिडकीतली बाई चहाचा कप घेऊन बाहेर आली होती, तिने सगळं पाहिलं होतं. चांगली बाई, चौकशीपुरती चौकशी करणारी.

"घरचं कुणी?" तिने विचारलं.

नेव्हने रुळांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती, दोन शब्द बरे बोलली असती, कदाचित चहाही विचारला असता.

"नाही," तो म्हणाला. "कामावरची."